बर्फातलं खुराडं

कोंबडी थंडीने मरत नाही, ओलीने मरते. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट राज्यात ज्यांनी चार हिवाळे कोंबड्या सांभाळल्या आहेत, त्यांच्याशी कुठूनही बोलायला सुरुवात करा, बोलणं फिरून याच मुद्द्यावर येतं. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याला मात्र हे पटता पटत नाही. बाहेर उणे २५ अंश तापमान, कमरेएवढा बर्फ, आणि खुराड्यात शेगडी नाही की दिवा नाही. उलट छताखालचे झरोके मुद्दाम उघडे ठेवलेले. पाहणाऱ्याला वाटतं, मुक्या जिवांचे हे हाल कशाला? त्या उघड्या झरोक्यांमागे जे शहाणपण आहे, ते समजून घेण्यासाठी मी तिथे गेले होते.

व्हरमाँटच्या ऑर्लिन्स, एसेक्स आणि कॅलेडोनिया या तीन काउंट्या मिळून जो भाग होतो, त्याला ‘नॉर्थईस्ट किंगडम’ म्हणतात. सिनेटर जॉर्ज एकन यांनी १९४९ साली दिलेलं हे नाव लोकांनी उचललं आणि ते टिकलं. मेपल आणि स्प्रूसची रानं, मधूनमधून दुभत्या गाईंची कुरणं, लहान तळी, आणि घरांमध्ये एवढं अंतर की शेजाऱ्याच्या धुराड्याचा धूर दिसतो, पण घर दिसत नाही. नोव्हेंबरात बर्फ धरायला लागतो आणि एप्रिलमध्ये चिखल होईपर्यंत तो जमीन सोडत नाही. याच भागातल्या ब्लूमफील्ड गावी ३० डिसेंबर १९३३ रोजी पारा उणे ५० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ४५.६ सेल्सिअसपर्यंत उतरला होता. तशी रात्र विरळा, पण जानेवारीत उणे २० नेहमीचं आणि उणे ३० अधूनमधून, हे तिथल्या माणसांनी धरूनच ठेवलेलं असतं.

ज्या केबिनवर मी राहिले, ती शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची. ओंडक्यांचं दोन खोल्यांचं घर, मध्ये लाकडाची भट्टी, आणि दारापासून हाकेच्या अंतरावर खुराडं. त्यात तेरा कोंबड्या आणि एक कोंबडा. काही प्लिमथ रॉक, काही वायनडॉट, दोन ब्रह्मा. सकाळी दार उघडलं की त्या उंबऱ्याशी येऊन थबकायच्या, पांढऱ्या जमिनीकडे मान तिरकी करून पाहायच्या आणि परत आत वळायच्या. बर्फावर पाय ठेवणं कोंबडीच्या जिवावर येतं. बाईंनी फावड्याने वाट काढून त्यावर जुनं गवत पसरलं, तेव्हा त्या बाहेर पडल्या, आणि गवत संपलं तिथे थांबल्या.

त्या वाटेवरचे त्यांचे पिवळेधमक पाय पाहताना मला सह्याद्री आठवला, आणि त्याला कारण आहे. कोंबडी मुळात उष्ण प्रदेशातली. तिचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. पण तांबड्या रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. पिवळ्या कातडीचा आणि पिवळ्या पायांचा गुण पाळीव कोंबडीत राखी रानकोंबड्याच्या संकरातून आला, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवलं. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या पश्चिम घाटाच्या जंगलात पहाटे कडाडून आरवतो तोच. तेव्हा कॅनडाच्या सीमेजवळ बर्फात उभ्या असलेल्या त्या प्लिमथ रॉकच्या पायांत थोडं आपल्याकडचं रान होतं. रानकोंबड्याच्या वंशाला उणे २५ अंशांत जगवायचं, तर पक्ष्याच्या शरीराने काय काय केलं आहे ते आधी नीट पाहावं लागतं.

कोंबडीचं अंग माणसापेक्षा गरम असतं, ४१ अंशांच्या वर. शरद ऋतूत ती जुनी पिसं टाकते आणि हिवाळ्याच्या तोंडावर नवी, दाट पिसं घेते. थंडी वाढली की ती पिसं फुलवते आणि पिसांखाली अडकलेली हवा अंगाची ऊब धरून ठेवते. पायांना पिसं नसतात, पण तिथेही सोय आहे. पायाकडे जाणारं गरम रक्त आणि पायाकडून परतणारं गार रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून वाहतं. जाणारं रक्त येणाऱ्याला ऊब देत जातं, त्यामुळे पाय गार राहिले तरी गारठा पोटापर्यंत पोचत नाही. उघडा राहतो तो तुरा आणि चोचीखाली लोंबणारी लाल कातडी. हिमदंश होतो तो बहुतेक वेळा तिथे. टोकं आधी पांढुरकी पडतात, मग काळी, मग वाळून गळतात. कोंबड्याचा तुरा मोठा, त्यामुळे त्याला धोका जास्त.

आता ओलीकडे येऊ. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. अंड्यात जातं तेवढं सोडलं, तर बाकीचं श्वासावाटे आणि विष्ठेवाटे बाहेर येतं. विष्ठेचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. चौदा पक्ष्यांचा हिशेब केला, तर दिवसाकाठी अडीच-तीन लिटर पाणी त्या लहानशा लाकडी खोलीत सोडलं जातं. गार हवेत बाष्प फार मावत नाही. भोकं बुजवून, फटींत चिंध्या कोंबून खुराडं बंद केलं की ते बाष्प जाणार कुठे? ते काचेवर बसतं, छतावर बसतं आणि शेवटी तुऱ्यावर बसून गोठतं. पिसं दमट झाली की त्यांतली हवेची ऊब जाते. खालचा भुसा ओला झाला की विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे आणि फुप्फुसं चुरचुरायला लागतात. कोरड्या हवेत उणे २० अंश सोसणारा पक्षी ओल्या, कोंदट हवेत उणे ५ अंशांतच तुरा गमावून बसू शकतो.

बाईंची तपासायची रीत साधी होती. सकाळी दार उघडल्यावर त्या आधी खिडकीच्या काचेकडे बघत. काचेला आतून बर्फाची साय धरली असेल, तर झरोका आणखी उघडायचा. मग त्या गुडघ्यावर बसून कोंबडीच्या उंचीला नाक नेऊन वास घेत. मलाही त्यांनी तसं करायला लावलं. उभ्या माणसाच्या नाकाला काही कळत नाही, पण अमोनिया असतो तिथे, जमिनीलगत, जिथे पक्षी चोवीस तास श्वास घेतात. त्या दिवशी वास आला तो देवदाराच्या भुशाचा आणि वाळक्या पानांचा.

झरोका उघडा ठेवायचा म्हणजे वारा अंगावर घ्यायचा, असं मात्र नाही. वाऱ्याने पिसं विस्कटली की सगळंच बिघडतं. म्हणून झरोके बसायच्या दांडीच्या बरेच वर, छताच्या वळचणीखाली असतात. दमट, गरम हवा वर चढून निघून जाते आणि खाली दांडीवर झुळूकही लागत नाही. ही दांडीही बारीक, गोल नको. चारेक इंच रुंदीची फळी सपाट बाजू वर करून बसवतात. कोंबडी तिच्यावर पंजे पसरून बसते आणि पोटाची पिसं पंजांवर येतात. रात्री टॉर्चच्या उजेडात मी पाहिलं, एकाही कोंबडीचं एकही बोट दिसत नव्हतं. ब्रह्मांची तर डोकीही पंखांत गेलेली. चौदा पक्षी एकमेकांना लगटून बसले होते आणि त्यांच्या श्वासाची वाफ वर झरोक्याकडे जात होती.

यात नवीन काही नाही. प्रिन्स टॅनाट वूड्स नावाच्या डॉक्टरने १९२४ साली ‘मॉडर्न फ्रेश-एअर पोल्ट्री हाउसेस’ या पुस्तकात हीच गोष्ट नकाशांसह मांडली होती. त्याच्या खुराड्याची दक्षिणेकडची बाजू बारा महिने उघडी, फक्त जाळी लावलेली. घर खोल, त्यामुळे मागच्या दांड्यांपर्यंत वारा पोचत नाही, पण हिवाळ्यातलं खाली उतरलेलं ऊन आतवर येतं. शंभर वर्षांपूर्वीचे ते आराखडे आजही न्यू इंग्लंडमध्ये लोक बांधायला घेतात.

खालची गादी हे दुसरं अंग. आपल्याकडे पोल्ट्रीत जिला गादी पद्धत म्हणतात, तीच. ऑक्टोबरात देवदाराचा भुसा आणि वाळकी पानं यांचा वीतभर थर घालायचा आणि हिवाळाभर तो काढायचा नाही, वरून कोरडा भर घालत राहायचं. रोज संध्याकाळी मूठभर मका त्यात फेकला की कोंबड्या पायांनी गादी उकरतात आणि ती आपोआप खालीवर होते. खालच्या थरात कुजण्याची क्रिया मंदपणे चालते आणि थोडी ऊब धरते. वसंतात हे सगळं परसात जातं. संध्याकाळच्या मक्याचं आणखी एक कारण आहे. रात्रभर तो पचत राहतो आणि पचनाने अंगात उष्णता तयार होते. पण मका मूठभरच. त्यावरच पोट भरलं तर प्रथिनं कमी पडतात.

सगळ्यात जाच पाण्याचा. वीज असेल तर भांड्याखाली तापणारी तबकडी ठेवता येते. बाईंच्या खुराड्यापर्यंत वीज नव्हती. त्यांच्याकडे काळ्या रबराच्या दोन बादल्या होत्या. एक आत, एक घरात भट्टीजवळ. सकाळी गोठलेली बादली बाहेर आणून उलटी करायची, बुडावर लाथ मारायची. बर्फाची जाड चकती सुटून पडते आणि रबर फुटत नाही. दुपारी पुन्हा तेच, संध्याकाळी पुन्हा. पाणी नसेल तर कोंबडी दाणाही खात नाही, आणि दाणा नसेल तर अंगात ऊब नाही. अंडीही वेळेवर उचलावी लागतात. राहिलेलं अंडं आतून गोठून फुगतं आणि कवच उभं तडकतं. तसं एक माझ्या हातात पडलं, दगडासारखं जड आणि टोकापासून टोकापर्यंत केसाएवढी भेग गेलेलं.

आता दिव्याबद्दल, कारण नवखा माणूस पहिल्या कडाक्याला धावतो तो तांबड्या उष्ण दिव्याकडे. २५० वॅटचा हा दिवा पिल्लांसाठी वापरतात. तो खुराड्यात टांगायचा म्हणजे कोरड्या भुशावर निखारा टांगायचा. कोंबडी उडते, साखळी निसटते, दिवा गादीत पडतो आणि खुराडं पेटतं. कधी शेजारचं घरही पेटतं. अग्निशमन दलं दर हिवाळ्यात याबद्दल बजावतात. दुसरा धोका सावकाश येतो. दिव्याच्या उबेत राहिलेला पक्षी थंडीला सरावत नाही, आणि वीज जाते ती नेमकी सगळ्यात वाईट रात्री. जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेक आणि उत्तर न्यू इंग्लंडवर गोठणारा पाऊस दिवसचे दिवस पडला, तारांवर बर्फ चढून खांब कोसळले आणि लाखो घरं अंधारात गेली. काही ठिकाणी वीज यायला आठवडे लागले. अशा वेळी सरावलेला पक्षीच तरतो. दिवा लावणाऱ्याची माया खोटी नसते, पण ज्यावर ती केली त्याचाच जीव ती घेते, आणि म्हणून या बाबतीत मी मवाळ बोलणार नाही. मोठ्या, पूर्ण पिसांच्या कोंबडीला दिवा लावू नये.

त्याऐवजी विचार करावा तो जातीचा. पाखरू थंडीला शोभणारं असेल तर निम्मं काम तिथेच होतं. क्वेबेकमधल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रिड शातलॅं हे ट्रॅपिस्ट साधू कोंबड्यांची देखरेख करत. कॅनडाच्या हिवाळ्यात टिकेल, अंडी देईल आणि मांसालाही उपयोगी पडेल अशी आपल्या देशाची जात नाही, हे त्यांना खटकलं. १९०८ साली त्यांनी कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट आणि प्लिमथ रॉक यांचे संकर सुरू केले. दहा वर्षांनी, १९१८ मध्ये, शांतक्लेर ही जात त्यांनी लोकांपुढे आणली आणि १९२१ मध्ये अमेरिकेच्या अधिकृत जातींच्या यादीत तिचा समावेश झाला. तिचा तुरा जवळजवळ नाहीच, डोक्यावर चिकटलेला एक लहान गोळा. गळ्याखालची कातडीही नावाला. हिमदंशाला धरायला जागाच ठेवली नाही. पुढे मोठ्या कारखानदारी पोल्ट्रीच्या काळात ही जात मागे पडली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती संपली असंच मानलं गेलं, पण काही शेतघरांवर लोकांनी ती राखली होती. एका साधूने धीराने केलेलं काम असं अनोळखी शेतकऱ्यांच्या घरी वाचलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

बाईंच्या ब्रह्मा कोंबड्यांची कथा वेगळी. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलेलं, पण मूळ पक्षी १८४० च्या दशकात शांघायहून जहाजाने अमेरिकेत आले असं मानतात. त्या काळात कोंबड्यांचं एक वेडच पसरलं होतं. १८४९ मध्ये बॉस्टनला कोंबड्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं आणि १८५२ मध्ये जॉर्ज बर्नम या व्यापाऱ्याने असे नऊ पक्षी राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवले. ते वेड ओसरलं, पक्षी राहिले, कारण पायांवर पिसं, आखूड तुरा आणि जड अंग असलेला हा पक्षी हिवाळ्याला पुरून उरला.

हिवाळ्यात अंडी किती, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा. कोंबडीच्या मेंदूत प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात, कवटीतून झिरपणारा उजेडही त्यांना कळतो. भरपूर अंडी घालायला चौदा ते सोळा तासांचा उजेड लागतो. तो नसला आणि त्यात पिसं टाकलेली असली, तर सगळी प्रथिनं नव्या पिसांकडे जातात. वसंतात जन्मलेल्या तलंगा पहिल्या हिवाळ्यात बहुधा अंडी देतात, मोठ्या कोंबड्या थांबतात. साधा बल्ब लावून दिवस लांबवता येतो आणि पुष्कळ लोक लावतात. त्यात गैर काही नाही. बाईंनी लावला नव्हता. पक्ष्याला वर्षातून एकदा विसावा हवा, असं त्यांचं मत होतं, आणि मला ते पटलं.

म्हणूनच जुन्या काळी हिवाळ्यातलं अंडं ही चैन होती. उन्हाळ्यात न धुतलेली ताजी अंडी चुन्याच्या निवळीत बुडवून मातीच्या बरण्यांतून तळघरात ठेवत आणि तीच बर्फाच्या दिवसांत काढत. म्हाताऱ्या कोंबड्या नोव्हेंबरात कापून रश्शाला जात, कारण हिवाळाभर फुकट दाणा घालणं कोणाला परवडत नसे. हे आज ऐकायला जड वाटतं, पण शेतघराचा हिशेब तसाच होता आणि नॉर्थईस्ट किंगडममध्ये अनेक घरी अजून तसाच आहे. त्या काळी कोंबड्या हिवाळाभर आत कोंडल्या तर ऊन न मिळाल्याने त्यांचे पाय अधू व्हायचे. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा शोध लागला, कॉड माशाचं तेल खाद्यात आलं आणि उन्हाशिवाय हजारो पक्षी बंद इमारतीत वाढवणं शक्य झालं. १९२३ साली डेलावेअरमध्ये सिलिया स्टील या बाईंनी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. त्यांनी ती परत न पाठवता मांसासाठी वाढवून विकली. अमेरिकेतल्या ब्रॉयलर धंद्याची सुरुवात तिथून मोजतात. अंड्याला आता ऋतू राहिला नाही. पण २०२२ पासून पसरलेल्या बर्ड फ्लूमुळे कोट्यवधी पक्षी गेले आणि मार्च २०२५ मध्ये डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर पोचला, तेव्हा पुष्कळ कुटुंबांना परसातलं खुराडं पुन्हा आठवलं. खरं सांगायचं, तर दाणा, भुसा आणि जाळीचा खर्च धरला की घरचं अंडं स्वस्त पडत नाही.

जाळीचा उल्लेख आला, तर तिच्याबद्दलही सांगते. बर्फात भक्ष्य कमी होतं आणि खुराड्याकडे सगळ्यांची नजर वळते. कोल्हा, रॅकून, फिशर, मिंक. पण लोकांना धास्ती असते ती विझलची. हिवाळ्यात तो पांढराशुभ्र होतो, शेपटीचं टोक तेवढं काळं. इंचभर भोकातून तो आत जातो आणि एकदा आत शिरला की भूक भागली तरी मारत सुटतो. साध्या षटकोनी कोंबडीजाळीतून तो सहज जातो, म्हणून झरोक्यांना अर्ध्या इंचाची जाड तारेची जाळी लागते. साचलेला बर्फ हीच त्याची शिडी. जी भिंत ऑक्टोबरात उंच असते ती फेब्रुवारीत आखूड होते.

खुराड्यात एका जुन्या टबात माती आणि भट्टीतली राख ठेवलेली होती. बाहेर धूळ नाही, म्हणून कोंबड्या तिच्यात लोळायच्या. उवा-पिसवांवर हाच उपाय. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत घरोघरीच्या बाया चुलीची राख खुराड्यात टाकतात, डालगं जमिनीपासून वर उचलून ठेवतात, दुपारी उघाड पडली की कोंबड्या अंगणात सोडतात. ओल्या जमिनीने रक्ती हगवण येते, हे त्यांना ठाऊक असतं. व्हरमाँटचा बर्फ आणि रत्नागिरीचा पाऊस यांत कोंबडीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. दोन्हीकडे तिला कोरडी जागा आणि मोकळी हवा हवी.

अमेरिकेत, कॅनडात किंवा युरोपात थंड मुलखात राहणारे अनेक मराठी वाचक हा अंक वाचतात. त्यांच्यापैकी कोणी येत्या वर्षी कोंबड्या घ्यायच्या विचारात असेल, तर पिल्लं वसंतातच घ्या, म्हणजे हिवाळ्याआधी पिसं पुरी होतील. आपल्या गावाचे नियम आधी पाहा. लहान तुऱ्याची जात निवडा, फळी रुंद घाला, झरोके वळचणीखाली ठेवा आणि पहिला बर्फ पडला तरी ते बुजवू नका.